मदत हवी आहे: जास्वंदीच्या कळ्या गळतात, मोगऱ्याला नुसती पानं, अनंत पिवळा पडतोय

कुंडीकर
पुणे, तिसरा मजला, पश्चिमेची गच्ची. तिन्ही झाडं १४ इंची कुंड्यांत. माती: निम्मी शेतातली काळी, बाकी शेणखत आणि कोकोपीट, लावताना दोन मुठी बोनमील. पाणी रोज सकाळी, बोअरचं किंवा आरओ यंत्रातून वाया जातं ते. दर आठवड्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत), लिटरला २ ग्रॅम.

१. गुलाबी डबल जास्वंद: कळ्या भरपूर, पण बोराएवढ्या झाल्या की पिवळ्या पडून गळतात.
२. मोगरा: हिरवागार, फांद्या लांबच लांब, मार्च संपत आला तरी एक कळी नाही.
३. अनंत: शेंड्याची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. ज्या थोड्या कळ्या येतात त्या काळ्या पडून गळतात.

कडुनिंबाचं तेल दोनदा फवारलं, फरक शून्य. इमिडाक्लोप्रिड (कीटकनाशक) घालू का?

शेंडाखुडू
अजिबात नको. ते औषध झाडात भिनतं आणि मकरंदातही उतरतं. जास्वंदीवर मधमाश्या आणि शिंजीर दोन्ही येतात. शिवाय ती फुलं कुणी तेलात, कुणी चहात घालतं.

आधी एवढं करा. जास्वंदीची नुकती गळलेली, पिवळी कळी पांढऱ्या कागदावर ठेवून ब्लेडने उभी चिरा आणि मिनिटभर बघत बसा. आत तिळापेक्षा बारीक, पांढुरक्या अळ्या असतील आणि त्या टुणकन उड्या मारत असतील तर ती कळीमाशी, म्हणजे मिज. आत काहीच नसेल तर पाण्याची अनियमितता किंवा फुलकिडे. फुलकिडे बघायला उमलतं फूल त्याच कागदावर झटका.

आणि तिन्ही झाडांना एकच औषध शोधू नका, लक्षणं तीन वेगळी आहेत.

मातीकाम
अनंताचं निदान तुमच्याच मजकुरात आहे: काळी माती, बोअर आणि आरओचं पाणी. कुंडीतली चमचाभर कोरडी माती बशीत घेऊन त्यावर पांढरं व्हिनेगर टाका. फसफसली तर मातीत चुनखडी आहे.

अनंताला आम्ल माती लागते, सामू (पीएच) ५ ते ६. चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण मुळांना उचलता येत नाही. लोह झाडात जुन्या पानांकडून नव्याकडे सरकत नाही, म्हणून पिवळेपणा शेंड्याला दिसतो. हीच जाळी खालच्या जुन्या पानांवर असती तर मॅग्नेशियमची कमतरता म्हटलं असतं, आणि खालची पानं शिरांसकट पिवळी असती तर नत्र. खत देण्याआधी पिवळं पान वरचं की खालचं, एवढं पाहिलं तरी निम्मे पैसे वाचतात.

आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालणं ही सोसायट्यांतली आवडती काटकसर आहे. पण गाळलेले सगळे क्षार त्यातच उरतात, म्हणजे बोअरपेक्षाही जड पाणी. ते फरशी पुसायला वापरा.

आजीचीबाग
अनंताला चहाचा चोथा घाला, आम्ल असतो. ताकही चालतं.

मातीकाम
दूध-साखरेचा चोथा घातला की मुंग्या, आणि मुंग्यांमागून पिठ्या ढेकूण. धुऊन वाळवून खतात टाका, हरकत नाही. पण चुनखडीची माती चोथ्याने आम्ल होत नाही, आणि चार थेंब ताकानेही नाही. तुरटीही नको, तिच्यातलं ॲल्युमिनियम मुळांना बाधतं.

कुंडीकर
कळी चिरली. आत सात-आठ अळ्या, दोन तर कागदावरून खाली उडाल्या! व्हिनेगरने माती चांगलीच फसफसली. मोगऱ्याला ऊन सकाळी ११ ते दुपारी २, मग शेजारच्या इमारतीची सावली.

शेंडाखुडू
म्हणजे मिजच. कडुनिंबाने फरक का पडला नाही तेही कळलं: अळी बंद कळीच्या आत, फवारा बाहेर. माशी कोवळ्या कळीच्या टोकाशी अंडी घालते. अळ्या आत खाऊन मोठ्या होतात, कळी गळते, त्या मातीत शिरून कोष करतात आणि नवी माशी वर येते. सगळं चक्र साधारण तीन-चार आठवड्यांचं, म्हणून उपायही तेवढे दिवस चिकाटीने करावा लागतो.

झाडावरच्या हरभऱ्याहून मोठ्या सगळ्या कळ्या आज खुडा. जीवावर येतं, पण खुडा. पुढचे चार आठवडे गळलेली आणि पिवळट कळी रोज सकाळी उचलून प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून दोन दिवस कडक उन्हात आणि मग कचऱ्यात. कंपोस्टमध्ये टाकलीत तर माश्यांचा कारखाना तिथे सुरू. कुंडीतली वरची इंचभर माती खरवडून काढा, नवी घाला आणि खोडाभोवती जुनी सुती साडी दोन पदरी अंथरा, म्हणजे अळीला माती सहज सापडत नाही आणि कळ्या वेचणंही सोपं जातं. कडुनिंबाचं तेल (लिटरला ५ मिली, त्यात १ मिली भांड्यांचा लिक्विड साबण) संध्याकाळी, फक्त कोवळ्या कळ्यांवर, आठवड्यातून एकदा. त्याने अंडी घालणं थोडं कमी होतं, इतकंच. डबल गुलाबीवर हा त्रास जास्त, साध्या लाल देशी जास्वंदीवर बराच कमी.

मोगऱ्याच्या कळ्या बुडाशी फुगून जांभळट दिसल्या तर तीच माशी तिथे पोचली समजा. दोन्ही कुंड्या लांब ठेवा.

जांभ्यावरची
मोगऱ्याची कहाणी सरळ आहे: ऊन कमी, नत्र जास्त, छाटणी नाही. मोगरा नव्या फुटव्याच्या टोकाला फुलतो. जितके शेंडे तितकी फुलं, आणि तुमच्याकडे फांद्या लांब, शेंडे मोजके.

खरी छाटणी डिसेंबरअखेर. त्याआधी आठ-दहा दिवस पाणी कमी करून ताण द्यायचा, पानं काढायची, एक तृतीयांश उंची कापायची आणि मग दोन मुठी गांडूळखत घालून भरपूर पाणी. ती वेळ आता गेली, म्हणून हलकी छाटणी करा: प्रत्येक फांदीचे वरचे पाच-सहा इंच, डोळ्याच्या (पानाच्या बेचक्यातल्या अंकुराच्या) थोडं वर, तिरका काप. बुडातून निघालेले जाड, वेलीसारखे धावणारे फुटवे मुळापासून काढा. पाच ते सहा आठवड्यांत कळ्या दिसायला हव्यात. फुलं संपली की त्या फांद्यांचे शेंडे पुन्हा तीन-चार इंच खुडा, हे जूनपर्यंत चालू ठेवायचं.

१९:१९:१९ बंद. त्याऐवजी ०:५२:३४ (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशाचं खत), लिटरला २ ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा, ओल्या मातीत. कुंडी सलग पाच-सहा तास ऊन मिळेल तिथे हलवा. ऊन नसेल तर बाकी सगळं करून फारसा उपयोग नाही, हे आधीच सांगते.

कुंडीकर
आभार. अनंताला गंधक घालू की हिराकस (फेरस सल्फेट)? नर्सरीवाला ‘चिलेटेड फेरस’ म्हणतोय.

मातीकाम
इतक्या चुनखडीत गंधक आधी चुन्यावरच खर्च होईल. हिराकसही त्या मातीत लगेच तांबूस होऊन निकामी होतं. माती बदलणं स्वस्त. पण आत्ता उन्हाळ्याच्या तोंडावर नको, जूनमध्ये दोन-तीन पाऊस झाल्यावर. दोन भाग कोकणातली जांभ्याची लाल माती, दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग गांडूळखत. बोनमील नको. मुळांभोवतीची काळी माती पाण्याच्या बादलीत बुडवून हलक्या हाताने सोडवा, मुळं तोडू नका, आठवडाभर सावलीत ठेवा.

तोपर्यंत चिलेटेडच, पण पाकिटावर लोह धरून ठेवणाऱ्या घटकाचं नाव वाचा. ईडीटीए असेल तर साडेसहाच्या वर सामू गेला की ते टिकत नाही, तुमच्या मातीत पैसे पाण्यात. ईडीडीएचए मागा: तपकिरी-लाल भुकटी, पाण्यात गडद लाल रंग. १ ग्रॅम एक लिटर पाण्यात, संध्याकाळी मातीत ओता, महिन्यातून एकदा. दोन-तीन आठवड्यांत नवं पान हिरवं निघेल. जुनं पिवळं पान पूर्ण सुधारेल अशी आशा धरू नका.

पाणी: एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरा, त्यात क्षार जवळपास नसतात, अनंताला उत्तम. बोअरचंच घालायचं असेल तर पाच लिटरला सपाट पाव चमचा लिंबूसत्त्व. ०:५२:३४ अनंताला देऊ नका, जादा स्फुरद लोह आणखी अडकवतं.

कळ्या काळ्या पडतात त्या कोरड्या पश्चिम वाऱ्याने आणि माती एकदा सुकून एकदा चिंब झाल्याने. दुपारी १२ नंतर सावली आणि रोज ठरावीक वेळी पाणी द्या. कळी धरल्यावर कुंडी हलवू नका.