पळायला सुरुवात केलीय पण दोन मिनिटांतच दम लागतो, साताऱ्यातल्यांनी सांगा प्लीज

गोडोलीची_माई
नमस्कार मंडळी. वय 37, दिवसभर खुर्चीत बसून काम. 2016 ला माणमधल्या मोहीच्या ललिता बाबर रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला पळताना टीव्हीवर बघितल्या, तेव्हापासून पळायचं मनात होतं, आत्ता कुठे सुरू केलंय. तीन आठवडे झाले, रोज सकाळी टेकडीवरच्या चार भिंती स्मारकाकडे चढत पळत जाते आणि येताना उतारावर सुसाट येते, पण दोन मिनिटांत छाती भरून येते, बरगडीखाली कळ येते आणि आता नडग्या इतक्या दुखतायत की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. माझ्याच्यानं होणार नाही का हे?

घाटातला_गडी
ताई होणार, शंभर टक्के होणार, फक्त चुकीच्या जागेपासून सुरुवात झालीय. चढ पहिल्याच महिन्यात नको आणि उतारावर सुसाट तर अजिबात नको, उतारावर प्रत्येक पावलाला सगळा भार पायावर आदळतो, नडग्या त्यानेच धरल्या असणार. आठवडाभर पळणं बंद, नुसतं चाला. मग सपाटीला या, शाहू स्टेडियमचं मैदान आहेच. मी रस्त्यावरच्या लाईटच्या खांबांवर शिकलो, एक खांब पळायचा, दोन खांब चालायचे, असं वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातनं तीनच दिवस आणि मधे एक दिवस सुट्टी. पंधरा दिवसांनी दोन पळायचे, दोन चालायचे. आणि वेग इतका कमी ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, बोलता येईना म्हणजे जोरात चाललंय. सुरुवातीला चालणारी माणसं पुढे निघून जातील, जाऊ देत.

शाहूपुरीकर_काकू
घाटातला_गडी बरोबर सांगतायत. माई, अजून दोन गोष्टी. एक म्हणजे बूट, जुने कॅनव्हासचे किंवा चालायचे वापरत असशील तर आधी ते बदल, आणि बूट घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, अंगठ्यापुढे बोटभर जागा राहिली पाहिजे. चांगली घट्ट स्पोर्ट्स ब्रा पण घे, ह्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. दुसरं, तू सकाळी खाऊन निघतेस का? मी चहा-पोहे खाऊन पळायचे तेव्हा मलाही अशीच कळ यायची, नंतर नुसतं पाणी आणि फार तर अर्धं केळं करून बघितलं, तेव्हा थांबली.

गोडोलीची_माई
काकू, चहा आणि दोन चपात्या खाऊन निघते मी!! आणि बूट मुलाचे जुने आहेत. सगळंच लक्षात आलं. पुढच्या वर्षी आपल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव घालू का?

घाटातला_गडी
ती 21 किलोमीटर आहे आणि यवतेश्वर घाट चढायचा असतो, माझ्या मते आधी पाच किलोमीटर न थांबता होऊ दे, मग दहा, घाट त्यानंतर. 2012 पासून होतेय, अजून पुष्कळ वर्षं होईल. आणि ताई, नडगीवर एकाच जागी बोटाने दाबल्यावर जोरात दुखत असेल किंवा बसल्या जागीही ठणकत असेल तर आधी हाडाच्या डॉक्टरांना दाखवा, तिथे अंदाजाने चालू नका.

शाहूपुरीकर_काकू
पुढच्या सोमवारपासून सकाळी सहाला स्टेडियमच्या गेटवर ये, मी असतेच, खांब बरोबरच मोजू.