मदत हवी आहे: पूर्ण वाढलेली पिल्लं कवचातच मरताहेत

पंख्याचं, थर्माकोलच्या पेटीचं इनक्युबेटर आहे. गावरान 60 अंडी, तापमानाचा कंट्रोलर 37.6 अंशांवर. सातव्या दिवशी टॉर्चवर बघून 9 कोरी (पिल्लू न धरलेली) काढली. उरलेल्या 51 पैकी 23 च निघाली, तीही एकोणिसाव्या दिवशीच सुरू झाली. काहींची बेंबी ओली. बाकीची फोडून बघितली तर पिल्लू पूर्ण, पण पडदा वाळून अंगाला चिकटलेला. आर्द्रता शेवटी 55 होती. पेटी पत्र्याच्या खोलीत. अंडीच खराब होती का? (परभणी)

प्रतिसाद 1
अंड्यांना दोष देऊ नका. दुपारी पत्र्याखाली 40 च्या वर जातं आणि कंट्रोलर फक्त बल्ब बंद करतो, पेटी थंड करू शकत नाही. लवकर निघणं, ओली बेंबी ही जादा उष्णतेचीच खूण. माळवदाची (मातीच्या छताची) खोली असेल तर पेटी तिथं हलवा.
वाळलेला पडदा म्हणजे शेवटच्या तीन दिवसांत ओल कमी. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद, आर्द्रता 65 ते 70. त्यासाठी पेटीतलं पाणी जास्त खोल भरून उपयोग नाही, पसारा वाढवा: पसरट ताट, त्यात स्पंज. एकाला चोच मारलेली दिसली की झाकण उघडायचा मोह होतो. तेवढ्यात ओल उडते आणि बाकीच्यांचा पडदा आवळतो.

प्रतिसाद 2
आर्द्रतेचं मीटरही तपासा. झाकणात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी टाकून ओलसर करा (विरघळू देऊ नका), मीटरसोबत हवाबंद डब्यात 8 तास ठेवा. 75 दाखवायला हवं. 85 दाखवलं तर तुमचे 55 खरे 45 च्या आसपास. काही अंडी वजन करून ठेवा: 50 ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवशी 44 च्या आसपास यावं.

धागाकर्ता
मीटरने 84 दाखवलं! आता 23 पिल्लांचं काय? दोघांची मागची जागा विष्ठेने बुजलीय.

प्रतिसाद 1
कोमट पाण्यात कापूस भिजवून मऊ करा, ओढू नका; पुसून लगेच ऊब द्या. पहिला आठवडा पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर 33 ते 35, मग दर आठवड्याला 3 अंश कमी. पण परभणीच्या उन्हात दुपारी बल्ब बंदच लागेल. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी, कडेला पळून चोच उघडी तर उकाडा. थर्मामीटरपेक्षा यावर विश्वास ठेवा.
पाण्याच्या भांड्यात गोटे टाका, नाहीतर बुडतात. भुशावर पहिले दोन-तीन दिवस कागद, पण गुळगुळीत नको, पाय फाकतात. लासोटा (मानमोडी रोगाची लस) पाचव्या ते सातव्या दिवशी.