सार्त्रचं 'बीइंग अँड नथिंगनेस': प्रस्तावना आधी की नंतर?

(वाचकांमधली चर्चा. 'तळटीप', 'पाचोळा' आणि 'काठावर' ही लिहिणाऱ्यांची टोपणनावं.)

तळटीप

फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्रचा १९४३ चा हा ग्रंथ हातात घेणारे बरेच जण प्रस्तावनेतच गळतात. दोष त्यांचा नाही. प्रस्तावनेच्या सहा भागांत हुसर्ल, बर्कली, देकार्त या आधीच्या तत्त्वज्ञांशी वाद चाललाय, आणि तो कशासाठी हे नव्या वाचकाला तिथे कळायला मार्गच नाही. म्हणून माझं ठाम मत: प्रस्तावना सोडा. पहिल्या भागातल्या पहिल्या प्रकरणात कॅफेचा प्रसंग आहे, तिथून सुरुवात करा. मग आत्मवंचनेचं, म्हणजे स्वतःच स्वतःला फसवण्याचं प्रकरण, मग तिसऱ्या भागातलं 'नजर'. प्रस्तावना त्यानंतर.

कॅफेचा प्रसंग असा. पिएरला चार वाजता भेटायचं ठरलंय, पोचायला पाव तास उशीर झालाय. पिएर थांबला असेल का? नजर फिरते. एकेक चेहरा क्षणभर पुढे येतो आणि 'हा नव्हे' म्हणून मागे विरतो. अख्खा कॅफे पार्श्वभूमी होतो आणि तिच्यावर उठून दिसतं ते पिएरचं नसणं. मग सार्त्र म्हणतो, सेनापती वेलिंग्टनही या कॅफेत नाही, कवी पॉल व्हॅलेरीही नाही. वाक्यं खरी आहेत, पण त्यांचं नसणं कुणाला जाणवत नाही, कारण त्यांची वाट कुणी पाहत नव्हतं. हा फरक नीट कळला की पुढचा रस्ता मोकळा.

पाचोळा

साफ असहमत. तुमच्या क्रमाने गेलं तर दुसऱ्याच प्रकरणात पाय घसरतो.

आत्मवंचनेचा पेच काय आहे? खोटं बोलायला दोघं लागतात: एक खरं ठाऊक असलेला, एक फसणारा. इथे दोघं एकच. मनोविश्लेषक फ्रॉइड मनाचे जाणता आणि अजाण असे दोन भाग पाडून सुटका करून घेतो. त्यावर सार्त्रचा सवाल: नेमकं काय दडपायचं हे मनातल्या सेन्सॉरला, म्हणजे नको ते जाणिवेत येऊ न देणाऱ्या पहारेकऱ्याला, माहीत असल्याशिवाय तो दडपेल कसं? म्हणजे तोही जाणताच आहे. हा युक्तिवाद प्रस्तावनेच्या तिसऱ्या भागावर उभा आहे. तिथे सिगारेटी मोजण्याचं उदाहरण येतं. लक्ष सिगारेटींवर असतं, मोजण्याच्या क्रियेवर नाही. तरी कुणी विचारलं, काय करतोयस, तर उत्तर तत्काळ येतं: मोजतोय. शोधावं लागत नाही, कारण ती जाणीव आधीपासून सोबत होती, फक्त विषय म्हणून समोर नव्हती.

हे न वाचता त्याच प्रकरणातल्या, आपलं काम जरा अतीच नेमकेपणाने वठवणाऱ्या वेटरच्या उदाहरणाला भिडलं की लोक त्याला ढोंगी ठरवून मोकळे होतात. तो गिऱ्हाइकांना फसवत नाहीये. दौत जशी दौत असते तसं त्याला वेटर 'असायचंय', आणि जाणिवेला ते शक्यच नाही.

काठावर

क्रमापेक्षा मोठा घोळ शब्दांचा आहे. मराठीत 'नथिंगनेस'साठी 'शून्य' लिहिलं की वाचक बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या शून्यवादाकडे वळतो आणि तिथून परतत नाही. 'अभाव' जास्त जवळचा. 'भूतले घटो नास्ति' (जमिनीवर घडा नाही) हे न्यायदर्शनाचं उदाहरण कॅफेच्या शेजारी ठेवून बघा.

पाचोळा

'शून्य' नको हे मान्य. पण 'अभाव'ही सांभाळून. न्यायवैशेषिक दर्शनांत अभाव हा पदार्थ, म्हणजे खरोखर असलेली एक गोष्ट आहे. कुणी घट शोधत असो वा नसो, जमिनीवर घटाभाव आहेच. सार्त्रकडे माणूस नसेल तर जगात नसणंही नाही. म्हणून तर वेलिंग्टन आणि पिएर यांत फरक पडतो. न्यायाच्या हिशेबात दोघांचा अभाव सारखाच.

काठावर

बरोबर, हे सुटलं होतं. पण असा फरक दाखवायलाच ती तुलना उपयोगी पडते, म्हणून 'अभाव' सोडणार नाही.

तळटीप

पाचोळा, सेन्सॉरचा मुद्दा मान्य. तर दुरुस्ती: कॅफे, मग प्रस्तावनेचा फक्त तिसरा भाग, मग आत्मवंचना. बाकीचे पाच भाग मात्र नंतरच. एका बैठकीत चार-पाच पानं, आणि प्रत्येक परिच्छेदाला एकच प्रश्न: हे सार्त्रचं स्वतःचं म्हणणं की खोडून काढायला मांडलेलं दुसऱ्याचं? हेगेल आणि हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञांवरची पानं समजण्यात चूक होते ती इथेच. इंग्रजीतून वाचणार असाल तर हेझल बार्न्स (१९५६) यांच्यापेक्षा सारा रिचमंड (२०१८) यांचं भाषांतर घ्या, टिपा कामाच्या आहेत. आणि सार्त्रच्याच १९४५ च्या व्याख्यानातल्या 'अस्तित्व आधी, सार नंतर' या घोषणेला किल्ली समजू नका. ती या ग्रंथाची बरीच कुलुपं उघडत नाही.

पाचोळा

सहावा भागही घ्या, छोटा आहे. वस्तू 'जी आहे तीच आहे' हे तिथे येतं. ते डोक्यात असेल तरच जाणिवेबद्दलचं 'जी आहे ती नाही, जी नाही ती आहे' हे वाक्य शब्दांचा खेळ वाटत नाही. मग पहिल्या प्रकरणातला जुगारी वाचा. पुन्हा खेळायचं नाही असं त्याने मनापासून ठरवलेलं असतं. टेबलापाशी येतो, तर कालचा निश्चय आठवतो, पण आज अडवत नाही. निश्चय त्याचाच, तरी आता तो निश्चय म्हणजे तो नाही. थांबायचं असेल तर पुन्हा नव्याने ठरवावं लागेल.