देवाकडे आशीर्वाद मागताना तुम्ही नेमकं काय मागता? (अनुभव लिहा)

पाचपाखाडी
मुलाची दहावी सुरू आहे. आज पेपरला निघताना देवापुढे उभा राहिला, पेन पायाशी ठेवलं, आणि मागे वळून मला म्हणाला, "आई, मागू काय? सोपा पेपर मागू का?" मी घाईत "आशीर्वाद माग" एवढंच म्हटलं. तो गेला, आणि मला दिवसभर माझी आजी आठवत राहिली.

आम्ही तेव्हा वर्तकनगरला चाळीत राहायचो. नव्वदच्या दशकात वागळे इस्टेटमधल्या कंपन्या एकेक करून बंद पडत होत्या, त्यात बाबांचीही नोकरी गेली. मोठी माणसं कुजबुजत बोलायची, आम्हा मुलांना काही सांगायची नाहीत. आजी मूळची सावंतवाडीकडची. तिने एका संध्याकाळी सगळ्यांना देवाजवळ बोलावलं, शेजारच्या दोन घरांनाही, आणि नारळ हातात धरून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, जा काय फूल-पान तुझ्या पायाशी ठेवलंय ता मान्य करून घे. पोराच्या हाताक काम मिळांदे, आणि मिळाला तर ता नेटान करूची बुद्धी दे. ह्या चाळीत जी काय लेकरां-बाळां आसत त्यांचो सांभाळ कर. कोणाच्या वायटार आमचा बरा करू नको." प्रत्येक वाक्याला आम्ही सगळे ओरडायचो, "व्हय म्हाराजा!"

त्या वेळी मजा वाटली होती. आज कळतंय की एवढ्या अडचणीत असूनही ती शेवटचं वाक्य विसरली नव्हती. बाबांना जमेल अशा कामाची एकच जागा कुठेतरी रिकामी होणार होती आणि त्यासाठी शेजारचे काकाही प्रयत्न करत होते. ते काकाही त्या गाऱ्हाण्यात "व्हय म्हाराजा" म्हणत उभे होते.

तुमच्याकडे कसं मागतात? तुम्ही स्वतः काय मागता? मनापासून लिहा.

तळ्याकाठचा
काय लिहिलंय ताई. शेजारच्या काकांचं वाचून थांबलोच.

सावली_मुलुंड
व्हय म्हाराजा 🙏 आमच्या मालवणच्या घरी अजून घालतात. गणपतीत सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा मान. गाऱ्हाण्यात गावाबाहेर गेलेल्यांनाही घेतात. "जे कोण पोटापाण्यासाठी मुंबैक गेले" असं आलं की आमचे बाबा मान खाली घालायचे, कारण ते आम्हीच.

रातपाळी
ठाण्यातच एका हॉस्पिटलमध्ये आयसीयूला सिस्टर आहे. ड्यूटीला जाताना रिक्षात बसून लिहितेय, तुटक वाटलं तर समजून घ्या.

नातेवाईकांचं मागणं आम्ही रोज दाराबाहेर ऐकतो. पहिल्या दिवशी सगळे म्हणतात देवा बरा कर, घरी ने. मग हळूहळू मागणं बदलतं. आजची रात्र जाऊ दे. मग, शुद्धीवर येऊन एकदा बोलू दे. आणि काही घरांत शेवटी, आता त्याला त्रास नको. हे शेवटचं मागायला फार बळ लागतं. बाहेरच्या माणसाला वाटतं यांनी आशा सोडली. मला कधीच तसं वाटलेलं नाही. पहिल्या दिवशी ते स्वतःसाठी मागत असतात, शेवटच्या दिवशी फक्त पेशंटसाठी.

एका आजींनी कागदाच्या पुडीत अंगारा आणला होता. आत लावता येत नाही, इन्फेक्शनचा प्रश्न असतो, मी समजावलं. त्या वाद घालत बसल्या नाहीत. म्हणाल्या, बरं, मग तुझ्या हाताला लावते बाई, तूच त्याला हात लावणार ना? मी दारातच हात पुढे केला, त्यांनी मनगटावर बोट टेकवलं, मग मी आत जाऊन नियमाप्रमाणे हात धुतले. पण ते टेकवलेलं बोट दिवसभर जाणवत होतं. प्रत्येक इंजेक्शन भरताना लेबल पुन्हा वाचत होते.

उतरायचं आलं. नंतर लिहिते.

पाचपाखाडी
@रातपाळी, तुमच्यासारख्यांच्या हातून होतं सगळं. ड्यूटी सुखरूप होऊ दे.

घोडबंदर_ट्रॅफिक
आमच्या वडिलांचं म्हणणं उलटं होतं. देवळात जायचं, नमस्कार करायचा, परत यायचं. मागायचं काहीच नाही. त्याला कळत नाही का आपल्याला काय हवंय? मलाही तेच पटतं. कोपिनेश्वराला सोमवारी जातो, एवढी मोठी पिंडी समोर असली की मागायचं सुचतही नाही.

तळ्याकाठचा
@घोडबंदर_ट्रॅफिक सोमवारी गाडी कुठे लावता? जांभळी नाक्याला तर पाय ठेवायला जागा नसते.

घोडबंदर_ट्रॅफिक
गाडी नेतच नाही. स्टेशनपर्यंत बस, पुढे चालत तलावपाळीवरून.

सावली_मुलुंड
आणि येताना मिसळ 😀

घोडबंदर_ट्रॅफिक
सोमवारी उपास असतो हो. साबुदाणा वडा.

दिवाळ्याचा_नाखवा
बेलापूरच्या दिवाळे गावातला. आमच्याकडे मागणं दर्याला आणि एकवीरा आईला. दोघांकडे मागायची तऱ्हा वेगळी.

नारळी पुनवेला सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ वाजतगाजत खाडीवर नेतात ते सगळ्यांनी पाहिलं असेल. त्याआधी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, माशांच्या विणीचा काळ, वर पावसाचं तुफान. घरात पैसा संपत आलेला असतो, जाळी दुरुस्त करून करून हात सोलवटतात. एवढं थांबल्यावर माणूस मागेल तर मोठी पापलेटं मागेल ना? पण आमची आई पाण्यात गुडघाभर उभी राहून एवढंच म्हणायची, "दर्या राजा, जेवरी मानसा न्हेलीस तेवरी घरा आन." मासळीचं नाव नाही.

मी विचारलं होतं तिला, आये, मावरं का नाही मागत? ती म्हणाली, मावरं त्याचं लेकरू हाय, आईबापाजवळ त्यांचीच लेकरं कशी मागायची. तो देईल तेवढं घ्यायचं. मी शिकलो, नोकरीला लागलो, पण ते उत्तर डोक्यातून गेलं नाही. आता खाडीत मासळी किती उरलीय ते आम्हालाच ठाऊक. भराव, घाण पाणी, प्लास्टिक, जाळ्यात माशांपेक्षा पिशव्या जास्त. दर्या देतो तेवढं घेऊ म्हणणारी माणसं होती तोवर त्याच्याकडे द्यायला होतं, हे मी पोटतिडकीने सांगतोय.

एकवीरेचं राहिलं, कार्ल्याच्या पायऱ्या, चैत्रातली पालखी. त्यावर संध्याकाळी लिहीन, आता पोराला क्लासला सोडायचंय.

सानपाडा_ते_ठाणे
ट्रान्स हार्बर लेडीज डब्यातून 🙋‍♀️ दसऱ्याला आम्ही डब्याला तोरण लावतो, खिडक्यांना फुलं, पूजा, आरती, सगळं चालत्या गाडीत. शेवटी मोटरमनदादांना हार आणि पेढे. आमच्यातल्या एक मावशी दरवर्षी आरती झाली की मोठ्याने म्हणतात, "जी दारात लोंबकळून येते तिला आत जागा होऊ दे." आणि मग सगळ्याजणी खरंच सरकतात. दसऱ्यानंतरही बरेच दिवस सरकतात.

खारघरची
मी लिहू का नको असा विचार करत होते. लिहितेच.

आम्ही नवस बोललो होतो. टिटवाळ्याला, सासूबाईंच्या सांगण्यावरून, आणि मग जिथे जिथे कोणी सांगितलं तिथे. दोनदा राहिलं आणि गेलं. आमच्याच मजल्यावरच्या एकीने आमच्याबरोबरच नवस बोलला होता, तिला मुलगी झाली. ती पेढे द्यायला आली तेव्हा म्हणाली, "तू पण मनापासून माग, देतोच तो." ती वाईट नाही, आनंदात होती. पण मी दार लावून खाली बसले. म्हणजे मी मनापासून मागितलं नव्हतं का?

तेव्हापासून देवापुढे दिवा लावते पण काही मागत नाही. मागायची भीती वाटते. आशीर्वाद म्हणजे मिळालेलं, तर ज्यांना नाही मिळालं त्यांना काय म्हणायचं? हा प्रश्न कोणाला दुखवायला नाही.

पाचपाखाडी
ताई, दुखवलं नाही. जवळ असते तर येऊन बसले असते तुमच्याजवळ.

सानपाडा_ते_ठाणे
❤️ मनापासून मागितलं होतंत तुम्ही. तेवढं नक्की.

टाळकरी
माउली, मी कीर्तनात टाळ धरतो, विद्वान नाही. पण नवसाने मुलं होत असती तर नवरा करायची गरज काय, असं तुकोबांनी चारशे वर्षांपूर्वी सरळ विचारून ठेवलंय. तुमच्या मजल्यावरच्या बाईंना मुलगी झाली ती तुमच्यापेक्षा जास्त भक्तीने नव्हे, आणि तुमचं टिकलं नाही ते भक्ती कमी पडली म्हणून नव्हे. हे पहिलं डोक्यातून काढा. तुमच्या मनावर हे ओझं टाकणाऱ्याचा मला राग येतो, मग तो कितीही गोड बोलत असो.

दुसरं. त्याच तुकोबांनी मागितलंय. तुझा विसर पडू नये, संतांची संगत दे, मोक्ष नको, पैसा नको, हवं तर पुन्हा जन्माला घाल. ज्या माणसाने दुष्काळात पहिली बायको अन्न अन्न करत जाताना पाहिली, मूल गमावलं, धंदा बुडाला, त्याचं हे मागणं आहे. सुखात बसलेल्या माणसाचं नाही. म्हणून मला ते खरं वाटतं.

तळ्याकाठचा
मी ख्रिस्ती, मासुंदा तलावाजवळच्या चर्चमध्ये जातो. @खारघरची, तुमच्या प्रश्नाला उत्तर माझ्याकडे नाही, पण बायबलमधली एक गोष्ट मला फार जवळची आहे.

याकोब रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी झुंजतो. उजाडायला लागतं, तो पुरुष म्हणतो मला जाऊ दे. याकोब म्हणतो, आशीर्वाद दिल्याशिवाय सोडणार नाही. आशीर्वाद मिळतो, नवं नाव मिळतं, इस्राएल. पण झुंजताना त्याच्या जांघेचा सांधा निखळलेला असतो, तो काही बरा होत नाही. सूर्य उगवतो आणि तो लंगडत पुढे निघतो.

लहानपणी हे अन्यायाचं वाटायचं. बाबा अचानक गेले त्यानंतर आई रोज संध्याकाळच्या प्रार्थनेला बसायची आणि चक्क भांडायची. मोठ्याने. "मला उत्तर दे, मी उठणार नाही." आम्ही घाबरायचो, शेजारी ऐकतील म्हणून खिडकी लावायचो. पाद्रीबाबांना कोणीतरी सांगितलं, तर ते म्हणाले, भांडू द्या, ती त्याला सोडत नाहीये. आई आजही भांडते कधीकधी. तुम्ही मागत नसाल तर नका मागू, पण रागवायचं असेल तर रागवा त्याच्यावर. ते चालतं.

खारघरची
रागवायचं चालतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

वाशी_बाई
मी शाळेत शिकवते, मराठी. सगळं वाचलं. वर्गातलं एक सांगते.

आमच्याकडे शाळा सुटताना पसायदान होतं. मुलं भराभर म्हणतात, लक्ष दप्तरात. सातवीतल्या एका मुलाने मध्येच विचारलं, "बाई, 'जो जे वांछील तो ते लाहो', मग चोराला पण हवं ते मिळणार?" वर्ग हसला. मला मात्र तो प्रश्न इतका आवडला की तास त्यावरच घालवला. ओळींचा क्रम फळ्यावर लिहिला. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी करताना हे मागणं मागितलं. त्यात आधी दुष्टांचा वाकडेपणा जाऊ दे म्हटलंय. दुष्ट मरू देत, असं नाही. मग त्यांना चांगल्या कामाची आवड लागू दे, मग सगळ्या जीवांची एकमेकांशी मैत्री होऊ दे, अंधार जाऊ दे. हे सगळं झाल्यावर मग ज्याला जे हवं ते मिळू दे. आधी मन सरळ होतं, म्हणून पुढे हवं ते द्यायला धोका राहत नाही.

तो मुलगा फळ्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे तोवर चोराला चोरी नकोच असेल." मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

वाळीत टाकलेल्या घरातला मुलगा होता हे पसायदान लिहिणारा. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलेलं. ज्यांनी हे केलं त्यांच्यासाठी त्याने पहिलं मागणं मागितलं. मी दर वर्षी वर्गात हे सांगते तेव्हा आवाज सांभाळावा लागतो.

घोडबंदर_ट्रॅफिक
बाई, हा क्रम कधी लक्षातच आला नव्हता. लहानपणापासून म्हणतोय.

दिवाळ्याचा_नाखवा
पोराला सोडून आलो, गाडीतच वाचतोय. बाई, तुमच्या वर्गात बसायला पाहिजे होतं.

एकवीरेचं थोडक्यात. तिच्याकडे मात्र आम्ही हक्काने मागतो, पोरीचं लग्न, घर, नोकरी, सगळं. आईजवळ लाजायचं काय. मला वाटतं दोन्ही लागतं. दर्याजवळ गप्प राहणं आणि आईजवळ सगळं ओतणं. @खारघरची ताय, चैत्रात आमच्या गावची गाडी जाते कार्ल्याला. मागायला नको, नुसतं चला. पायऱ्या चढताना आमच्या बायका गाणी म्हणतात.

रातपाळी
ब्रेकमध्ये. घोडबंदरवाले दादा, न मागणं मला जमत नाही. रोज ड्यूटीवर चढताना दाराच्या चौकटीला हात लावते आणि म्हणते, हात चुकू देऊ नको. एवढंच. पेशंट वाचवणं माझ्या हातात पूर्ण नसतं, डोस बरोबर देणं असतं. जे आपल्याकडे आहे ते नीट व्हावं, इतकं तर मागू ना.

पाचपाखाडी
हे आवडलं. मुलाला उद्याच्या पेपरला हेच सांगते, पेपर सोपा मागू नको, डोकं शांत माग. गणित आहे उद्या.

सावली_मुलुंड
भाग १ की २? आमच्या मुलीलाही आहे, ती भूमितीलाच घाबरते.

पाचपाखाडी
१. बीजगणित. तिला सांगा वेळ लावून एक पेपर सोडव आज.

खारघरची
सगळ्यांचं वाचलं, दोनदा. नाखवा दादा, चैत्रात येईन बहुतेक.

त्या शेजारणीच्या मुलीचं बारसं आहे रविवारी. मी काहीतरी कारण सांगून टाळणार होते. आत्ता दिवा लावला तेव्हा पहिल्यांदा मागितलं बऱ्याच दिवसांनी. मूल नाही मागितलं. तिथे जाऊन त्या बाळाला मांडीवर घेता येऊ दे, आणि मनात तिचं वाईट न येता घरी येता येऊ दे, एवढं मागितलं. रडायला आलं पण मागितलं. होईल का माहीत नाही.

सानपाडा_ते_ठाणे
रविवारी किती वाजता? माझी बहीण खारघरलाच असते, मी सकाळी येणारच आहे तिच्याकडे. तुम्हाला चालणार असेल तर बारशाच्या आधी तुमच्या घरी चहाला येते, बरोबर खाली उतरू. मेसेज करा.