म्हणे, खाली उतरून जातील!

माळावरचा: काल इथं एका भावानं लिहिलं, 'घाटात रस्ता झाला म्हणून माकडं मरत नाहीत, खाली उतरून पलीकडं जातील.' रात्रभर डोक्यात बसलंय. शेकरूला जाऊन सांगा की हे! फांदीवरून वीसेक फूट झेप घेणारा जीव तो, जमिनीवर त्याला कोण सोडतंय? तमिळनाडूतल्या वाल्पराईत चहाच्या मळ्यांनी जंगलाचे तुकडे केले. सिंहपुच्छ वानरं उतरलीच खाली, आणि गाड्यांखाली गेली. शेवटी रस्त्यावरून झुलते पूल बांधावे लागले.

विजापूररोड: मीच तो भाऊ. पुलावरून जातात ना? मग मिटलं की!

माळावरचा: दोन तुकड्यांत कोसभर चहा असला तर पूल कुठं बांधणार? ब्राझीलमध्ये मनौसजवळ संशोधक १९७९ पासून हेच बघतायत. जंगलाचे १, १०, १०० हेक्टरचे तुकडे राखले. पाला खाणारी हाउलर माकडं लहान तुकड्यातही तगली. फळांसाठी रानभर हिंडणारी कोळीमाकडं टिकली नाहीत.

नान्नजकर: सोलापुरात बसून ब्राझीलची काळजी! आपला माळढोक पक्षी दिसेनासा झाला, त्यावर कोण बोलणार? त्याला उघडं गवत लागतं. आमच्याकडं 'हिरवळ वाढवा' म्हणत माळावरच खड्डे खणले.

विजापूररोड: झाडं तोडली तरी चूक, लावली तरी चूक. ठरवा की बे एकदा!

नान्नजकर: माळ म्हणजे पडीक जमीन नव्हं! लांडगा, काळवीट, धाविक पक्षी कुठं राहतात, शाळेत शिकवलं नाही का? दरवर्षी जूनमध्ये रोपं हातात घेऊन फोटो काढणाऱ्यांना आधी माळावर दिवसभर उभं करा.

सविता_अक्कलकोटरोड: फोटोचं सोडा. आमच्या गावच्या रस्त्याला दोन्हीकडं वड होते, फांद्या वर एकमेकांत गुंतलेल्या. रुंदीकरणात सगळे गेले. पुढच्या उन्हाळ्यात एक वानरीण पोटाशी पिल्लू घेऊन विजेच्या तारेवरून निघाली. दोघांना मीच माझ्या ओढणीत गुंडाळलं. आता म्हणा, खाली उतरायचं होतं.

विजापूररोड: ताई, असल्याच अरुंद रस्त्यावर माझा चुलतभाऊ गेला. वडाला धडकून. आमच्या घरी कुणी ओढणी घेऊन आलं नव्हतं.

सविता_अक्कलकोटरोड: भावाचं वाईट वाटलं. पण गाडी वडानं चालवली नव्हती.

माळावरचा: दोघंही थांबा जरा. रस्ता करूच नका असं कोण म्हणतंय? वरच्या फांद्या जुळतात तेवढा पट्टा तरी सोडा.

विजापूररोड: बरं, पंडित! 'खाली उतरून जातील' हे मागं घेतो. रस्ता मागं घेत नाही.

नान्नजकर: आणि माळढोक?