गिरणी गेली आणि तब्येतही गेली: हा योगायोग होता का?

लालबागची_चाळ

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या मुंबईच्या कापड गिरणी संपाचा विषय निघाला की आपण संपाचे नेते दत्ता सामंत, मालक, मान्यताप्राप्त युनियन असलेला राष्ट्रीय मिल मजदूर संघ आणि गिरण्यांच्या जमिनी यांवरच भांडतो. सुमारे अडीच लाख कामगार होते. पुढच्या वीस वर्षांत त्यांच्या तब्येतीचं काय झालं, हे मात्र कोणी काढत नाही. माझं मत सरळ आहे: नोकरी गेल्याचा फटका खिशापेक्षा शरीराला जास्त काळ बसतो, आणि तो बराचसा टाळता आला असता.

वडील साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. ब्लडप्रेशर संपाआधीपासूनच होतं, पण ईएसआयच्या (कामगार राज्य विमा योजनेच्या) दवाखान्यातून गोळ्या नियमित मिळायच्या. संपानंतर गिरणीने परत घेतलं नाही. वर्गणी थांबली, कार्ड बंद झालं. मग नाक्यावरच्या मेडिकलमध्ये "चार गोळ्या कापून द्या" सुरू झालं. दुकानदार कात्रीने पट्टी कापायचा, आणि त्या चार आठवडाभर पुरवायच्या म्हणून वडील एक दिवसाआड घ्यायचे. पुढे पुढे डोकं दुखलं तरच. वॉचमनची रात्रपाळी मिळाली तशी झोपही गेली. पन्नाशीच्या आतच त्यांची डावी बाजू लुळी पडली.

आमच्याच मजल्यावर कोणाला टीबी, कोणाचं लिव्हर गेलेलं. या माणसांना कोणत्या आकड्यात धरलं?

अनिरुद्ध_के

तुमच्या वडिलांबद्दल खरंच वाईट वाटलं. तरीही निष्कर्ष पटत नाही. गिरणी हीच मुळात तब्येत खाणारी जागा होती. कापसाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार ईएसआय कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आला, तो उगाच नाही. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं हे त्याचं ओळखीचं लक्षण. त्यात विडी, तंबाखू आणि तीन पाळ्यांची फिरती झोप. पुढे जे आजार दिसले त्यांची मुळं आधीच रुजलेली होती.

दुसरं म्हणजे, मंदीत माणसं जास्त मरतात हे गृहीतच धरू नका. ख्रिस्तोफर रूम या अर्थतज्ज्ञाने अमेरिकेतल्या राज्यांची १९७२ ते १९९१ ची आकडेवारी तपासली. बेरोजगारी एक टक्क्याने वाढली की एकूण मृत्युदर सुमारे अर्ध्या टक्क्याने घटलेला दिसला. रस्त्यावरचे अपघात कमी होतात, हे त्यातलं एक मोठं कारण. आत्महत्या तेवढ्या वाढतात. आजारी माणसाचीच नोकरी आधी जाते, हेही आहेच. मग आजारामुळे नोकरी गेली की नोकरीमुळे आजार आला, हे कसं ठरवणार?

घाटावरचा_पाटील

अनिरुद्ध यांच्याशी सहमत. माझे चुलते रिंगखात्यात, म्हणजे सूतकताईत होते, संपात सातारा जिल्ह्यातल्या गावी परत आले. मुंबईत रात्र रात्र खोकायचे. गावी शेतीला लागले, दोन म्हशी घेतल्या, आणि खोकला हळूहळू कमी झाला. ऐंशीच्या पुढे जगले. गावात अशी माणसं आजही दाखवतो. गिरणगाव म्हणजे फक्त हाल, हे चित्र शहरात राहिलेल्यांनी काढलंय.

खानावळवाली_मावशी

पाटील, तुमच्या चुलत्यांना परत जायला जमीन होती. माझ्या सासऱ्यांच्या वाट्याला कोकणातल्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीचा तुकडा, तोही चार भावांत. म्हशी बांधायच्या कुठे?

आणि सगळे पुरुषांच्याच तब्येतीबद्दल बोलताय म्हणून लिहिते. सासूबाई परळला खानावळ चालवायच्या. महिन्याचा डबा लावलेले गिरणी कामगार हेच त्यांचं गिऱ्हाईक. संप झाला, कामगार गावी गेले, जे राहिले त्यांची उधारी वहीत तशीच राहिली. सासूबाईंचं नाव कुठल्या मस्टरवर नव्हतं, म्हणजे यांची नोकरी गेली असं कोणी म्हटलंच नाही. सकाळी चारला चुलीसमोर बसायच्या. संपानंतर तेवढ्याच वेळेला उठून दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी. घरात आधी पुरुष जेवायचे, मग मुलं, आणि तळाला राहील ते यांना. अंगातलं रक्त इतकं कमी झालं की जिन्यावर दोनदा बसावं लागायचं. कुठल्या अभ्यासात ही बाई मोजली जाईल ते सांगा.

लालबागची_चाळ

मावशी, हे लिहिलंत ते फार बरं झालं. आमच्याकडेही अडीअडचणीला आई खानावळीतूनच भाजी आणायची, तेव्हा त्या बाईचं काय होतंय हे कोणी विचारलं नाही.

अनिरुद्ध, आधी आजार की आधी बेकारी, हा प्रश्न योग्यच आहे. पण त्याचं उत्तर शोधलं गेलंय. डॅनियल सलिव्हन आणि टिल फॉन वाख्टर यांनी अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातले, १९७० आणि ८० च्या दशकांत नोकरी गेलेले, एकाच कंपनीत बरीच वर्षं काढलेले पुरुष कामगार तपासले. त्यांनी मुद्दाम ज्या कंपन्यांत मोठी कपात झाली तीच माणसं घेतली. तिथे कारखान्यालाच ओहोटी लागली होती, एकट्यादुकट्या आजाऱ्याला वेचून काढलेलं नव्हतं. नोकरी गेल्यानंतरच्या वर्षात मृत्यूचा दर ५० ते १०० टक्के जास्त. वीस वर्षांनीही तो १० ते १५ टक्के जास्तच होता. चाळिशीत नोकरी गेलेल्याचं आयुष्य एक ते दीड वर्षाने कमी, असा त्यांचा अंदाज. रूम यांचे आकडे सगळ्या राज्याचे आहेत. रस्त्यावर कमी गाड्या धावल्या म्हणून दुसऱ्याच कोणाचा जीव वाचला, त्याने माझ्या वडिलांचं ब्लडप्रेशर कसं उतरणार?

धुळीचं म्हणाल तर मान्य, गिरणीने छाती बिघडवली. पण बिघडलेल्या छातीला औषध मिळायचा रस्ताही त्याच गिरणीतून जात होता, आणि आजार अंगात शिल्लक असताना तो बंद केला गेला.

अनिरुद्ध_के

म्हणजे तुमच्याच बोलण्यातून निघतं की दोष उपचार तुटण्याचा आहे. उपचाराचा हक्क नोकरीला बांधायचाच नाही, रेशनकार्डासारखा माणसाला द्यायचा. मग कारखाना बंद पडो की चालो. "नोकरी गेली म्हणून तब्येत गेली" असं सरसकट म्हटलं की तोट्यातले कारखाने कसेही करून चालू ठेवा ही मागणी येते, आणि औषधाचा मूळ प्रश्न बाजूला पडतो. फिनलंडमध्ये १९९० च्या सुरुवातीला बेकारी प्रचंड वाढली, तेव्हा नोकरदारांच्या तुलनेत बेकारांचा जादा मृत्युदर उलट पूर्वीपेक्षा कमी भरला, कारण आता धडधाकट माणसंही बेकारांत आली होती. बेकारांत आजारी माणसंच जास्त असण्याचा हा नमुन्याचा दोष पेन्सिल्व्हेनियात कमी असेल, पण तो निकाल कुठेही लावता येणार नाही.

लालबागची_चाळ

कार्ड हवंच, पण तेवढ्याने भागत नाही. ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाच्या गावातली कापड गिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली. मारी याहोदा आणि सहकाऱ्यांनी तिथे जाऊन पाहिलं. बहुतेकांना काही काळ भत्ता मिळत होता. वेळ भरपूर, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं घटलं, आणि पुरुष रस्त्याने चालताना मंद झाले, सारखे थांबायला लागले. वडील लुळे पडायच्या कितीतरी आधी असेच नाक्यावर उभे राहायचे. पाळीला जायचं नाही म्हणून दाढी नाही, जेवणाची वेळ नाही. हे कुठलं कार्ड भरून काढणार?

चाकण_दुसरी_पाळी

तुमचं चालू द्या, मी आजचं सांगतो. कंत्राटी पोरांना कमी करताना ठेकेदार "वैयक्तिक कारणाने राजीनामा" असा कागद पुढे करतो, आणि राहिलेल्या पगाराच्या आशेने पोरं सही करतात. कारखाना बंद पडून किंवा कपातीत नोकरी गेली तर ईएसआयच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत, अटी बसल्यास, भत्ता आणि तेवढ्या काळापुरते कुटुंबासकट उपचार मिळतात. पाच वर्षं विमा भरून निवृत्त झालेल्याला किंवा व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतलेल्याला वर्षाला १२० रुपयांत नवरा-बायकोचे उपचार आहेत. राजीनामा लिहून दिला की हे दोन्ही हातचं जातं. पगार २१ हजारांच्या वर असेल तर बहुतेकांना ईएसआयच नसतं, तो वेगळा घोळ.

म्हणून सही करायच्या आधी "कमी केल्याचं पत्र द्या" एवढं तरी म्हणा. घरात बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच.

खानावळवाली_मावशी

दादा, आणि ज्या बाया त्या पोरांचे डबे करतात त्यांनी कुठलं पत्र मागायचं?