आकाश धरलं की चेहरा जातो, मदत हवी आहे

मंडळी, नागपूरच्या फुटाळा तलावावर सूर्यास्ताच्या वेळी बहिणीचे फोटो काढतोय, सूर्य तिच्या पाठीमागे. आयएसओ १००, एफ/८, शटर १/२५०, कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ लेन्स. आकाश झकास केशरी येतं, पण बाईसाहेब पार कोळसा! शटर १/३० वर नेलं की चेहरा दिसतो, मग आकाश पांढरंफटक आणि वाऱ्यावर उडणारे केस हललेले. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) सावल्या उजळल्या तर गालावर नॉइज, म्हणजे दाणेदार ठिपके. ब्रॅकेटिंग (कमी-जास्त उजेडाचे लागोपाठ फोटो काढून जोडणं) करावं, तर ही क्षणभर स्थिर उभी राहील तर शपथ.

फिल फ्लॅश (चेहऱ्यावरची सावली भरून काढणारा फ्लॅश) मारू का? माझ्या कॅमेऱ्याचा सिंक (फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत वेगवान शटर) १/२०० पर्यंतच आहे, म्हणजे आकाश तेवढंच ठेवायला छिद्र थोडं लहान, एफ/९ करावं लागेल. तेवढ्या छिद्राला कॅमेऱ्याच्या अंगचा छोटा फ्लॅश दीड-दोन मीटरवरून पुरतो का, की चेहऱ्यावर उजेड परतवायला थर्माकोलची शीट धरायला भावाला उभं करू? स्पॉट मीटरिंग (एका छोट्या भागावरचाच उजेड मोजणं) नेमकं कशावर घेता तेही सांगा.